उपक्रम क्रमांक अकरा

४ जानेवारी

वीजबाईस,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते गृहीत धर. आधी काम.

तुमच्या बोटीवर दुपारच्या सुट्टीत पत्त्यांचा कुठलासा खेळ चालतो असं तू मागे सांगितलं होतंस. पोकर. त्यात म्हणे आपल्याला काही करायचं नसलं की टेबलावर बोटानं ठोकायचं आणि पाळी पुढे जाते, तोंड उघडावं लागत नाही. हे खरं का? खरं असेल तर मला त्या खेळाचे नियम हवेत. अगदी पहिल्यापासून, मी गिऱ्हाइकांची मापं लिहायचे तसे, एकाखाली एक.

फोनवर सांगू नकोस. इथला फोन शिक्केसाहेबांच्या टेबलावर असतो आणि ते समोर बसून पेन्सिलीला टोक करत सगळं ऐकतात. शिक्केसाहेब म्हणजे आमच्या वृद्धनिवासाचे व्यवस्थापक. नाव मी ठेवलंय. इथे आंघोळीच्या वेळेपासून खुर्ची कशी सरकवायची इथपर्यंत प्रत्येक गोष्टीचा नियम फलकावर लागतो, खाली त्यांची सही आणि जांभळा शिक्का. शिक्का नसेल तर ती गोष्ट जगात नाहीच.

तुझा बाबा बरा आहे. उजवी बाजू लुळी ती लुळीच, वाचाही परतलेली नाही. डावा हात मात्र ठणठणीत. आणि सुताराची खोड काही जात नाही. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं, आतून भरीव आहे की पोकळ. जेवणाचं टेबल जुन्या लाकडाचं आहे, त्यामुळे दिवसभर ठक ठक. लोक वैतागतात. पलीकडच्या टेबलावरची मंडळी तर ताट घेऊन उठून जातात. मला त्या ठोकण्याचं काहीतरी करायचं आहे, एवढंच तूर्त समज.

लवकर लिही. आमच्या वयात ‘सवडीनं’ हा शब्द वापरायचा नसतो.

आत्या

२९ जानेवारी

प्रिय आत्या,

तू आणि पोकर. मी तुझं पत्र इंजिनखोलीत वाचून दाखवलं. आमचा मोठा मेकॅनिक म्हणाला, अशी आत्या असेल तर तिला बोटीवरच आणा, निदान शिस्त लागेल.

घे नियम. हुकूम नाही, जोडीदार नाही, प्रत्येक जण स्वतःपुरता. पानं वाटायच्या आधी प्रत्येकानं मध्ये एक बटण टाकायचं (तुझा बटणांचा डबा तू निवासातही नेला असशीलच), म्हणजे जिंकण्यासारखं काहीतरी मध्ये पडलेलं असतं. मग प्रत्येकाला पाच पानं, उपडी. वाटणाऱ्याच्या डावीकडचा सुरुवात करतो. अजून कुणीच बटणं लावलेली नसतील तर टेबलावर ठोकायचं, पाळी पुढच्याकडे. त्याला चेक म्हणतात. पण एकदा का कुणी बटणं लावली की ठोकणं बंद. मग तीनच रस्ते. तेवढीच लावायची, त्याहून जास्त लावायची, नाहीतर पानं टाकून त्या डावापुरतं गप्प बसायचं. सगळ्यांचं बरोबर झालं की नको असलेली पानं देऊन तितकीच नवी घ्यायची, तीनपर्यंत. मग पुन्हा एक फेरी लावायची, आणि जे उरतील त्यांनी पानं उघडायची.

आणि बाकी सगळ्यांनी पानं टाकली, तर उरलेल्याला आपली दाखवावी लागत नाहीत. म्हणजे हातात काही नसतानाही ढीग लावून लोकांना पळवता येतं. हे तुला जमेल. गिऱ्हाइकांना तीस वर्षं तू ‘उद्या नक्की’ सांगत आलीस.

कुठला हात (म्हणजे पाच पानांचा संच) कशापेक्षा मोठा ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, फलकावर लावता येईल. सगळ्यात वर एकाच रंगाची पाच पानांची ओळ. मग चार सारखी पानं. मग तीन सारखी आणि वर एक जोडी. चौथी ओळ, छक्की-सत्ती-अठ्ठी अशी, रंग कुठलेही चालतील. पाचवा रंग, म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही किलवर, ओळ नसलेली. त्याखाली तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर हातातलं मोठ्यात मोठं पान. बाबांनी मला तीन पानांचा खेळ शिकवला होता ना, क्रम साधारण तसाच, फक्त पानं पाच.

माझा करार जूनमध्ये संपतो. बहुतेक वाढवेन. या खेपेला येणं जमेलसं दिसत नाही. बाबांना सांग. म्हणजे कळत असेल तर सांग.

तुझी वीजबाई

२६ फेब्रुवारी

वीजबाईस,

‘कळत असेल तर’ म्हणे. ऐक आता.

पाच पानं एका हातात धरायला त्याला जमेना. मी कॉलरच्या कडक कापडाची पट्टी घेतली, तिच्यावर पाच खिसे शिवले, टेबलाच्या कडेला चिमट्यानं लावली. आता पानं खिशात, त्याला दिसतात, दुसऱ्याला नाही. आम्ही चौघं बसतो. मी, दादा, एक निवृत्त कंडक्टर आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. कंडक्टर पानं तिकिटांसारखी फाडून दिल्यागत वाटतो. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. चाळीस वर्षं लोकांना ‘दुखणार नाही’ म्हणत आल्या, त्याचा हा परिणाम.

पहिले चार दिवस दादा नुसता ठोकत होता. पाळी आली तरी ठक, नाही आली तरी ठक. कंडक्टर म्हणाला, बाई, सोडा, हे काही जमत नाही. पाचव्या दिवशी मी चार बटणं लावली आणि सवयीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं बोट टेबलापर्यंत आलं आणि थांबलं. बटणं लावली की ठोकणं बंद. त्यानं बोट मागे घेतलं, चार बटणं मोजून सरकवली, आणि वर कोटाचं मोठं काळं बटण ठेवलं. माझ्यावर वाढवली त्यानं. मी पानं टाकली, पण त्याची काही मी बघितली नाहीत. नियम म्हणजे नियम. तो मात्र माझ्याकडे बघून डाव्या बाजूनं हसला. लहानपणी माझी कात्री लपवून हसायचा तसाच.

मला तिथेच रडू आलं. शिंक आल्याचं नाटक केलं.

अर्थात लगेच शिक्केसाहेब हजर. नोंद नसलेला उपक्रम चालणार नाही म्हणाले. मी म्हटलं, मग नोंद करा. अर्ज लिहिला, सोबत तुझा तो मोठ्या अक्षरांचा कागद जोडला आणि बरोबर दुपारी एक वाजता त्यांच्या खोलीत गेले. त्यांचा घास तोंडात, एक हात जेवणाच्या डब्यात. त्यांनी कागद वाचला नाही, त्याच्याखालीच सही ठोकली, शिक्का मारला. उपक्रम क्रमांक अकरा. आता तो कागदासकट फलकावर आहे, भजनाच्या वर आणि हलक्या व्यायामाच्या खाली.

नोंदीचं मला एवढं काय पडलं होतं ते विचारू नकोस. तू तिकडे बोटीच्या विजेच्या तारा जोड, मी इकडे बघते.

आत्या

२० मार्च

आत्या,

मागच्या बंदरात कंपनीच्या टपालातून व्यवस्थापकांचं पत्र मिळालं. तीन पानी. तुझ्या पत्रात नसलेलं बरंच काही त्यात आहे. तू तिथे जुगाराचा अड्डा जमवला आहेस, माणसांत भांडणं होतात, आणि बाबांना काही कळत नसताना त्यांचा हात धरून तू पत्ते खेळवतेस, लोकांना दाखवायला. त्यांना शांतता हवी आहे, असं डॉक्टरांचं मत. वरच्या मजल्यावर खाट रिकामी आहे, तिथे चोवीस तास परिचारिका असते.

मला वाटलं, तू वेळ घालवायला खेळते आहेस. मीही हसून नियम पाठवले. बाबा म्हणजे तुझ्या बाहुल्या नाहीत, आत्या. ती ठोकण्याची गंमत वाचून मी इथे सगळ्यांना सांगत सुटले, आणि आता मला लाज वाटते आहे.

मी इतकी लांब आहे. मला रोज वाटतं की मी त्यांना तिथे टाकून आले. निदान त्यांना नीट झोप मिळावी, वेळेवर औषध मिळावं. व्यवस्थापकांनी पाठवलेल्या संमतीपत्रावर सही करून मी ते परत टपालात टाकलं आहे. रागावू नकोस. तुझ्या हट्टापायी त्यांचे हाल नकोत.

तुझी

६ एप्रिल

वीजबाई,

रागावले आहे. लपवत नाही.

तुझं संमतीपत्र परवा पोचलं. शिक्केसाहेबांनी ते मला दुरून दाखवलं, लहान मुलाला खाऊ दाखवतात तसं. आता सगळं सांगते, कारण न सांगण्यातली चूक माझी आहे. तुला तिकडे काळजी नको म्हणून गप्प राहिले, आणि तुला वाटलं मी मजा मारते आहे.

इथला एक नियम असा. जो रहिवासी तीन महिने कोणत्याही उपक्रमात भाग घेत नाही, त्याला नातेवाइकाच्या संमतीनं वर हलवायचं. दादाला भजन म्हणता येत नाही, व्यायाम जमत नाही, चित्रं रंगवायला दिली तर तो मेजच ठोकून बघतो. त्याचे तीन महिने मार्चमध्ये भरणार होते. म्हणून तुला ते पत्र लिहिलं. मला पोकरचं काय करायचं होतं गं? मला असा एक उपक्रम हवा होता जिथे ठोकणं हेच बोलणं असतं.

वरचा मजला तू पाहिलेला नाहीस. मी पाहिलाय, कंडक्टरच्या बायकोला भेटायला जाते तेव्हा. दोन रांगा खाटा, बाजूला दांड्या. सकाळी साडेदहाला जेवण, सहाला दिवे बंद. परिचारिका चांगली आहे, पण एकटीला तीस माणसं. आणि सगळं लोखंडी. खाटा लोखंडी, कपाटं पत्र्याची, खुर्च्या प्लास्टिकच्या. ठोकून बघावं असं लाकूड तिथे तळहाताएवढंही नाही. तुझ्या बाबाचं एवढंच बोलणं उरलंय, ते ऐकायलाही तिथे कुणी नाही. कंडक्टरची बायको गेल्या वर्षी चालत वर गेली होती.

हात मी धरत नाही. डॉक्टरांचं मत कुठल्या डॉक्टरांचं तेवढं विचार. इथे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात आणि जिभा बघून जातात. भांडण एकच झालं, ते डॉक्टरीणबाईंचं आणि माझं, आणि ते मलाच हवं होतं, फार दिवसांनी कुणी माझ्याशी भांडलं.

मी शिक्केसाहेबांना म्हटलं, संमती आहे, पण उपक्रमात भाग न घेणाऱ्याची. दादा उपक्रम क्रमांक अकरात आहे. त्यांनी फलक पाहिला, आपला शिक्का पाहिला, घसा साफ केला. म्हणाले, “भाग घेणं म्हणजे समजून घेणं. मी स्वतः त्यांच्याबरोबर तीन डाव खेळेन. तुम्ही टेबलापासून लांब बसायचं. त्यांना कळतंय असं मला दिसलं तर खाली राहतील. नाहीतर त्याच संध्याकाळी वर.” दिवस ठरलाय सत्तावीस एप्रिल, दुपारी चार.

म्हणजे परीक्षा तेच घेणार, पेपर तेच तपासणार. बरं. आम्ही बसणार. तू संमती मागे घे किंवा घेऊ नकोस, आम्ही बसणार.

आत्या

१५ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून मी डेकवर जाऊन उभी राहिले. आधी कामाचं लिहिते.

संमती मागे घेत असल्याचं पत्र याच टपालानं निवासाला पाठवलं आहे. सत्तावीसच्या आत पोचेल का, माहीत नाही.

दुसरं, याहून वाईट. काल इथे खेळताना मी ओळ दाखवून बटणं ओढायला लागले तर सगळे हसले. आचाऱ्याकडे रंग होता. पोकरमध्ये रंग ओळीपेक्षा मोठा असतो, आत्या. मी तुला उलटं लिहून पाठवलं. बाबांच्या तीन पानांच्या खेळात ओळ मोठी, आणि माझ्या डोक्यात तेच घट्ट बसलेलं. आतापर्यंत दोन्ही हात एका डावात कधी समोरासमोर आलेच नव्हते. फलकावरचा चौथा आणि पाचवा नियम बदल. व्यवस्थापकांना खेळ येत असेल आणि बाबांनी ओळीवर बटणं लावली, तर ते म्हणतील की यांना काही समजत नाही. आधी बाबांना सांग. लगेच सांग.

मी त्या कागदावर सही करायला नको होती. न विचारता केली. तुला न विचारता, आणि त्यांना तर विचारायचं असतं हेसुद्धा सुचलं नाही.

तुझी वीजबाई

२८ एप्रिल

वीजबाईस,

तुझी दोन्ही पत्रं काल सकाळी साडेदहाला आली. म्हणजे चारच्या आधी. हे लक्षात ठेव, मग पुढचं वाच.

मी तुझी दुरुस्ती दोनदा वाचली. दादा खिडकीशी बसला होता. जाऊन सांगावं असं आलं मनात. पण दोन महिने तो माणूस तोच कागद रोज बघतोय. एक एक ओळ त्यानं कष्टानं डोक्यात बसवली आहे. पाच तासांत ती उपटून दुसरी लावायची? मी तुझं पत्र घडी करून बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं, वर बटणं ओतली. तू संमती मागे घेतल्याचं शिक्केसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, परीक्षा आता ठरलेली आहे.

चारला सगळा निवास जमला. जे ताट घेऊन उठून जायचे तेसुद्धा खुर्च्या घेऊन आले. मला भिंतीशी बसवलं, दादाची पानं मला दिसत नव्हती. कंडक्टरनं पानं पिसली. पहिल्या डावात दादानं ठोकलं, शिक्केसाहेबांनी बटणं लावली, दादानं पानं टाकली. शिक्केसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या डावात दादाला जोडी राण्यांची, त्यांना जोडी नव्व्यांची, दादा जिंकला. ‘योगायोग’ म्हणाले, आणि तेही लिहिलं.

तिसरा. दादानं एक पान बदललं. शिक्केसाहेबांनीही एकच बदललं आणि त्यांच्या मिशीला हसू आलं. पाळी दादाची होती. त्यानं ठोकलं नाही. तो खिशांकडे बघत राहिला, मग हाताच्या कडेनं समोरची सगळी बटणं मध्ये सारली. पांढरी, काळी, कोटाची, सगळी. शिक्केसाहेबांनी तेवढीच लावली आणि पानं उघडली. पाच किलवर, राजासकट. दादानं एकेक पान खिशातून काढून मांडलं. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी.

जे तू लिहिलं होतंस ते नेमकं तसंच समोर घडत होतं, आणि ते थांबवायची संधी मी सकाळी डब्यात बुडवली होती.

शिक्केसाहेब मागे रेलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पाहा. साध्या ओळीवर सगळं लावलं. रंग ओळीपेक्षा मोठा, जगात कुणालाही विचारा. यांना काहीही समजत नाही. मला वाईट वाटतं, पण सामान बांधा.” आणि बटणं ओढायला हात पुढे केला.

दादानं त्या ढिगावर पंजा ठेवला.

शिक्केसाहेबांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. सुताराचा डावा हात आहे तो, सुटतो कसला. मग दादानं दुसऱ्या भिंतीवरच्या फलकाकडे मान वळवली आणि टेबलावर दोनदा ठोकलं. कुणाला कळेना. डॉक्टरीणबाई उठल्या, फलकावरचा कागद टाचण्यांसकट उपटून त्याच्यासमोर ठेवला. दादानं पंजा उचलला. बोट चौथ्या नियमावर ठेवलं. ओळ. मग पाचव्यावर. रंग. मग बोट सरळ खाली नेलं, शिक्केसाहेबांच्या सहीवर आणि जांभळ्या शिक्क्यावर, आणि तिथे पेरानं ठक करून ठोकलं. आतून भरीव आहे की पोकळ, बघतात तसं.

सगळी खोली हसली. दीड वर्षात इथे एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

शिक्केसाहेब कानापर्यंत लाल. म्हणाले, नियम चुकीचा आहे. मी भिंतीशी बसूनच म्हटलं, “असेल. पण तुम्ही तो मंजूर केलाय. न वाचता केलाय, हे म्हणायचं असेल तर सगळ्यांसमोर म्हणा, आम्ही ऐकतो. दादानं मात्र वाचलाय. समजून घेतलाय की नाही, ते आता तुमच्या वहीत लिहा.” कंडक्टर म्हणाला, नियम बदलायचा तर रहिवाशांची बैठक बोलवा, सात दिवस आधी सूचना द्या, हाही नियम आपलाच, साहेब, क्रमांक चार.

त्यांनी लिहिलं. मी उभी राहून बघितलं. ‘सहभाग: आहे.’ खाली सही. शिक्का मारायला विसरत होते, मी आठवण केली.

तुझं पत्र लपवलं ही लबाडी झाली म्हणशील तर म्हण. मला झोप छान लागली. आणि चूक तुझी म्हणून कुढत बसू नकोस. तीन पानांचा खेळ तुला शिकवला कुणी? त्यानं तुला दिलेली चूक तू त्याला परत धाडलीस, आणि ती त्याच्या कामी आली. इथे ओळच मोठी राहील. आज कंडक्टरच्या बायकोला खाली आणून बसवलं टेबलाशी, शिक्केसाहेबांनी विचारलं कशाला, म्हटलं उपक्रम क्रमांक अकरा. तिनं पानं उलटी धरली. शिकेल.

तुझी पत्रं मी दादाला वाचून दाखवली, सगळी. मार्चमधलंही. वगळणार होते, पण त्याच्या बाबतीत न विचारता ठरवणारे आधीच फार झालेत. त्यानं डोळे मिटून ऐकलं. जूनमध्ये करार संपतो, तू बहुतेक वाढवशील, हेही वाचलं. मग मी विचारलं, तिला काय लिहू?

त्यानं टेबलावर एकदा ठोकलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

नियम तूच पाठवले आहेस. पाळी आता तुझी.

आत्या